इतर हक्कांचा रकाना

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि टपाल खात्याची झोप उडाली. शेगाव नावाचं दुसरं गाव बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं, त्याच मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आधीपासून ठाण मांडून बसलेलं. वर्ध्याच्या शेगावला निघालेली पत्रं बुलढाण्याच्या शेगावात उतरायची, महाराजांचं दर्शन घ्यायची आणि सवडीनं परत यायची. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. इतिहासाची पुस्तकं या नामांतरात सेवाभाव पाहतात आणि तो आहेच. पण डेटाबेसचं काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगून पाहावी. तो आधी हसतो आणि मग म्हणतो, ‘म्हणजे प्रायमरी की डुप्लिकेट होती तर!’

प्रायमरी की म्हणजे नोंदीची एकमेव ओळख. गांधींनी अवघड उपाय केला, नोंदीचं नावच बदललं. जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांनी सोपा मार्ग धरला, तो कंसाचा. वाशीमकडे कारंजा (लाड) आहे, म्हणून इकडे कारंजा (घाडगे). आष्टीला १९४२ च्या हुतात्म्यांमुळे ‘शहीद’ मिळालं आणि बीडच्या आष्टीशी होणारा घोळ आपसूक मिटला. तळेगावं तर जिल्ह्यातच दोन, एक श्यामजीपंतांचं आणि एक टालाटुल्यांचं, आणि पुण्याकडचं दाभाड्यांचं वेगळंच. दोन रकाने एकत्र केल्यावर जी ओळख पक्की होते तिला संगणकशास्त्र ‘कंपोझिट की’ म्हणतं. वर्धा जिल्ह्यात एसटीची पाटी वाचता येणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते.

तरीही डेटाबेस ही गोष्ट अमेरिकेतून आली, असं समजायची आपल्याकडे पद्धत आहे. कागदोपत्री ते खरंही आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध लिहिला आणि माहिती तक्त्यांत ठेवावी, तक्ते एकमेकांशी नात्यानं जोडावेत, असा विचार गणिताच्या भाषेत मांडला. त्याच कॉडनी पुढे डेटाबेसचे बारा नियम सांगितले. ते शून्यापासून मोजलेले असल्यामुळे भरतात तेरा. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मात्र कॉडच्या निबंधाच्या कितीतरी आधी मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं गावच्या महसुली हिशेबाची चौकट आखून ठेवली होती. महसूल खात्यातली जुनी माणसं अजूनही ‘अँडरसन मॅन्युअल’चं नाव कान पकडल्यासारखं घेतात. त्या चौकटीतून आलेले गाव नमुने एक ते एकवीस म्हणजे एकवीस तक्त्यांचा चोख स्कीमा, म्हणजे रचनेचा आराखडा, आहे. अँडरसनला कोणी ट्युरिंग पुरस्कार दिला नाही. त्याच्या वाट्याला पटवाऱ्याचे शिव्याशाप आले.

नमुना एक म्हणजे आकारबंद. गावात किती जमीन, तिचा आकार म्हणजे सारा किती, हे सगळ्याचं मूळ. सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेवही, बारा म्हणजे पिकांची नोंद. चौदा नंबरला पाणीपुरवठ्याची साधनं. विसाव्या नमुन्यात पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब. तलाठ्यानं कोणत्या पाकिटाला कितीचं तिकीट चिकटवलं यासाठी स्वतंत्र तक्ता आखणाऱ्या माणसाची दृष्टी आजच्या कुठल्याही बँकेच्या ऑडिट विभागाला लाजवील.

पण स्कीमाचा खरा इतिहास आकड्यांपेक्षा अक्षरांत दिसतो. एक-अ, एक-ब, एक-क, एक-ड, एक-इ. मग सहा-अ, सहा-ब, सहा-क, सहा-ड. सहा-अ मध्ये तक्रारी, सहा-क मध्ये वारस. नंबर मूळ योजनेचा, अक्षर नंतरच्या अडचणीचं. चालू डेटाबेसला हात लावायची ज्याची छाती होत नाही, असा जगातला प्रत्येक प्रोग्रॅमर हेच करतो. जुना तक्ता तसाच ठेवतो आणि शेजारी एक नवा लिंबूटिंबू उभा करतो.

वर्ध्याला तर हे सगळं दत्तक आलं. जिल्हा मध्य प्रांतातला, मालगुजारीचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६६ ची जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ मध्ये आले. पंधरा-वीस वर्षांत स्कीमा इतक्या वेळा बदलला. माणसं, वावरं आणि बांध तेच. संगणकवाले याला ‘मायग्रेशन’ म्हणतात आणि ते रविवारी रात्री करतात, कोणी पाहत नसताना. मध्य प्रांतातला पटवारी कागदावर तलाठी झाला, आता ग्राम महसूल अधिकारी झाला. गावात हाक मात्र अजून ‘पटवारी साहेब’ अशीच जाते.

आता हा स्कीमा संगणकाला कसा कळणार, हा प्रश्न. वर्ध्याच्या आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला एखाद्या तरी गटाच्या नशिबी ‘ग्रामपंचायत मॅनेजमेंट सिस्टिम’ येतेच. पहिल्या आठवड्यात पोरं वहीच्या मधल्या जोडपानावर चौकोन काढतात. दुसऱ्या आठवड्यात चौकोनांमध्ये बाण. तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी चहाचा गोल डाग पडतो आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षक त्या डागाकडे बोट दाखवून विचारतात, ‘ही कोणती एंटिटी?’

या दुखण्यावर डीबीएमएल नावाचा इलाज आहे. डेटाबेस मार्कअप लँग्वेज. होलिस्टिक्स नावाच्या कंपनीनं काढलेली ही छोटीशी भाषा. चौकोन काढायचे नाहीत, लिहायचे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ‘टेबल खातेदार’ असं लिहून महिरपी कंस उघडायचा. आत एकेका ओळीवर एकेक रकाना, त्याच्यापुढे प्रकार, आणि चौकोनी कंसात अटी. ‘खाते क्रमांक, पूर्णांक, [प्रायमरी की]’. ‘नाव, मजकूर, [नॉट नल]’. मग कंस बंद. तक्त्यांमधली नाती एका खुणेनं दाखवायची. गटाच्या खाते क्रमांकाकडून खातेदाराच्या खाते क्रमांकाकडे > अशी खूण केली की अर्थ झाला, गट अनेक, खातं एक. उलटी केली की एकाकडून अनेकांकडे. नुसती आडवी रेघ म्हणजे एकास एक, आणि <> म्हणजे अनेकांचं अनेकांशी. एका वावराचे सात भाऊ मालक आणि त्या सात भावांची प्रत्येकी चार ठिकाणी वावरं, हे सामाईक खात्याचं महाभारत या दोन चिन्हांत मावतं. दिवाणी न्यायालयात त्याला अर्धं आयुष्य लागतं.

चौकोनी कंसाची मात्र गंमत आहे. डीबीएमएलमध्ये रकान्यापुढे कंस आला की त्याचा रुबाब वाढतो. तो अनिवार्य होतो, अद्वितीय होतो, किल्लीच होऊन बसतो. सातबाऱ्यावर नेमकं उलटं. तिथे नावाला कंस झाला म्हणजे माणूस संपला, निदान त्या वावरापुरता. जमीन विकली, वाटणी झाली, मृत्यू झाला, की पटवारी नाव खोडत नाही, नावाला कंस करतो आणि बाजूला फेरफाराचा नंबर टाकतो. मजकूर वाचता येतो, हक्क उरत नाही. नोंद पुसायची नाही, फक्त निकामी म्हणून ठेवायची, या पद्धतीला प्रोग्रॅमर ‘सॉफ्ट डिलीट’ म्हणतात आणि ती आपण शोधली असं मानतात. विदर्भातल्या कुठल्याही चार भावांच्या घरात विचारावं, कंस म्हणजे काय ते. घरातला आवाज एकदम बदलतो.

तर अशी फाइल लिहून झाली. ती वाचायला पार्सर लागतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत या कामाला पायडीबीएमएल नावाचं ग्रंथालय, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. ते फाइल अक्षर न् अक्षर वाचतं, शब्द सुटे करतं, कुठला शब्द तक्त्याचं नाव, कुठला रकान्याचा प्रकार, हे व्याकरणाच्या नियमांवर घासून पाहतं आणि शेवटी मजकुरातून वस्तू उभ्या करतं. डेटाबेस ही एक वस्तू. तिच्या पोटात तक्त्यांची यादी. प्रत्येक तक्त्याच्या पोटात रकाने. नात्यांची यादी वेगळी. एकदा या वस्तू उभ्या राहिल्या की मजकूर बाजूला ठेवायचा आणि एकीवरून दुसरीवर चालत जायचं.

स्वभावानं हा पार्सर तहसील कचेरीतल्या टेबलासारखाच खडूस. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर आख्खी फाइल परत. नात्याचा बाण अस्तित्वातच नसलेल्या तक्त्याकडे गेला तर ‘असा तक्ता सापडला नाही’ म्हणून परत. फरक इतकाच की व्याकरणाची चूक कितव्या ओळीत, कितव्या अक्षरावर आहे ते हा सांगतो. ‘त्रुटीची पूर्तता करून यावे’ एवढ्यावर बोळवण करत नाही. सरकारी खिडक्यांनी पार्सरकडून घेण्यासारखा गुण असेल तर हा.

बाकी चालत जाण्याची कला पटवाऱ्याला कुणी शिकवायला नको. समुद्रपूर किंवा सेलूकडचा एखादा म्हातारा येतो.

‘साहेब, माह्या नावावर किती वावर हाये, पाह्यनं जरा.’

‘खातं नंबर सांगा, बाबाजी.’

‘थे तं नाई माहीत. कोपऱ्यातलं वावर हाये, नाल्याजवळचं.’

नाल्याजवळचं म्हटल्यावर पटवाऱ्याच्या डोक्यात गट नंबर येतो. गटावरून सात नंबर. सातवर खाते क्रमांक, त्यावरून आठ-अ. आठ-अ मध्ये त्या खात्याची सगळी वावरं. त्यातल्या एकापुढे फेरफाराचा नंबर, तो धरून सहा नंबर. तिथे १९८४ सालची वाटणी, आणि वाटणीत म्हाताऱ्याच्या बहिणीचं नाव, जे पुढे कुठेच दिसत नाही. पटवारी तिथे थांबतो, चष्मा काढतो आणि विचारतो, ‘बाई असतात का?’ पायडीबीएमएलही असंच चालतं. डेटाबेसला तक्ता मागायचा, तक्त्याला रकाना मागायचा, आणि रकान्याला विचारलं, ‘तू कुणाचा?’ तर तो आपला तक्ता दाखवतो. तक्त्यावरून पुन्हा रकाना, रकान्यावरून पुन्हा तक्ता. नवशिक्या पोराला या वाटेवर सोडलं की ते फिरून फिरून भोपळे चौकात येतं. बाईंचं मात्र तो पार्सर विचारत नाही.

रकान्यांच्या नावांचा वेगळाच तमाशा. मराठी मुलं मराठी तक्त्यांना रोमन लिपीत नावं देतात. ‘नाव’ला कोणी एक ए लावतं, कोणी दोन. ‘क्षेत्र’चं स्पेलिंग गटातल्या प्रत्येकाचं वेगळं, कारण त्यात के, एस, एच, टी, आर यांची कुठलीही मिरवणूक चालते. ‘पोटखराब’ हा लागवडीलायक नसलेल्या जमिनीचा रकाना इंग्रजीत नेताना एका प्रकल्पाच्या अहवालात पोट बिघडल्याचा भास होईल असं भाषांतर पाहायला मिळू शकतं. पार्सरला याचं सोयरसुतक नाही. एक ए असलेलं नाव आणि दोन ए असलेलं नाव ही त्याच्या लेखी दोन परकी माणसं. इथेही महसूल खातं आधीच पोचलेलं आहे. ई-फेरफारसाठी सगळा सातबारा संगणकावर चढवताना रामा, रामाजी, रामराव आणि रामराव पाटील ही चार खाती निघायची आणि चौघांचा धोतराचा सोगा एकच असायचा. खाती एकत्र करायला तलाठ्यांनी रात्री जागवल्या. आकारबंदातलं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही, असे सातबारे शोधून काढणारे ओडीसी अहवाल निघाले. ओडीसी हा शब्द आजही तलाठ्यापुढे जेवताना काढू नये.

कॉडचाच आणखी एक दंडक असा की तक्त्याच्या एका घरात एकच गोष्ट ठेवावी. याला फर्स्ट नॉर्मल फॉर्म म्हणतात. वर्धा जिल्ह्यातला शेतकरी हा दंडक दर पावसाळ्यात मोडतो. पऱ्हाटीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचं. वावर एक, पिकं दोन, आणि ती एकमेकांत अशी विणलेली की क्षेत्र वेगळं काढायचं तर टेप घेऊन रांगत जावं लागेल. नमुना बाराच्या आखणाऱ्यानं यावर मिश्र पिकांचे वेगळे रकाने पाडले. मिश्रणाखालचं एकूण क्षेत्र आणि घटक पिकांचं प्रत्येकी क्षेत्र. माणूस वावरात जाऊन आला होता, हे उघड आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवरून, वावरात उभं राहून, फोटोसकट करायची ठरली. आता तासाच्या मधोमध उभं राहून एका हातात तूर आणि एका हातात रेंज शोधायची असते.

पण कुठल्याही स्कीमाचं खरं पोट पाहायचं तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्याकडे जावं. बाकी रकान्यांना शिस्त आहे. भोगवटादाराचा वर्ग एक किंवा दोन. डीबीएमएलमध्ये याला ‘इनम’ म्हणतात, ठरावीक पर्यायांपैकीच एक. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. आकार रुपये-पैशांत. आणि मग येतो ‘इतर हक्क’. सोसायटीचा बोजा इथे. बँकेचा बोजा इथे. कुळाचं नाव इथे. विहिरीतला अर्धा हिस्सा इथे. हस्तांतरणाला बंदी इथे. पोटगीची बाई इथे. प्रकल्पासाठी संपादनाचा शेरा इथे. ज्यांना कुठल्याच रकान्यात जागा मिळाली नाही असे सगळे हक्क, सगळी कर्जं आणि सगळी भांडणं या एका उभ्या पट्टीत दाटीवाटीनं राहतात. जमीन घ्यायला निघालेला शहाणा माणूस मालकाचं नाव नंतर वाचतो, आधी हा रकाना वाचतो.

संगणकातही हा रकाना सगळीकडे असतो, फक्त नाव बदलून. कुठे ‘रिमार्क्स’, कुठे ‘नोट’, कुठे ‘मिसलेनियस’. डीबीएमएलनं तर नोट लिहायची सोयच करून ठेवली आहे, रकान्याला आणि तक्त्याला दोघांनाही. पार्सर ती नोट इमानानं उचलतो, जपून वस्तूत ठेवतो, मागितली की जशीच्या तशी परत देतो. तिचा अर्थ लावायच्या फंदात पडत नाही. ‘हा रकाना वापरू नये, जुन्या सरांनी टाकला होता’ असं नोटमध्ये लिहिलेलं असलं, तरी तो रकाना बाकीच्यांच्या बरोबरीनं यादीत उभा असतो. एखाद्या डेटाबेसबद्दल तिथल्या माणसांना जे जे माहीत असतं त्यातलं निम्मं या नोटांमध्ये असतं आणि उरलेलं निम्मं ज्यानं नोकरी सोडली त्याच्याकडे.

२०१७ च्या उन्हाळ्यात शासनानं चावडी वाचन केलं. संगणकात चढवलेले सातबारे गावात मोठ्यानं वाचायचे आणि चूक असेल तर लोकांनी सांगायची. आयटी कंपन्यांत चार माणसं बंद खोलीत बसून एकमेकांच्या कामातल्या चुका काढतात, त्याला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. इथे तो रिव्ह्यू निंबाखाली, सगळ्या गावासमोर, ज्याच्या नावावर चूक पडली त्याच्या चुलतभावाच्या साक्षीनं. मुळात कायदा असा की संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरीच धरायची. संगणकाचीही श्रद्धा तीच, फक्त त्याच्याकडे कलम १५५ नाही. लेखनातला प्रमाद दुरुस्त करायला वेगळं कलम ठेवणारे लोक डेटा एंट्री जवळून ओळखत होते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, त्यावर शिक्का मारायला पटवाऱ्याला शोधायचं कारण उरलं नाही. इतर हक्कांत काय लिहिलंय ते समजून घ्यायला अजून त्यालाच शोधतात.

आणि विदर्भाचं म्हणून एक खास प्रकरण आहे, जे कुठल्याच चौकोनात बसत नाही. महसूल संहितेचा एक भाग फक्त विदर्भासाठी आहे. त्यात दोन जुनी दप्तरं जिवंत ठेवली आहेत, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावच्या पडीक जमिनीवर गुरं कुठे चारायची, सरपण कुठून आणायचं, हे निस्तार पत्रकात. पाणी वापरायची, मासे धरायची, वावरात जायच्या वाटेची गावची वहिवाट वाजिब-उल-अर्जात. मालगुजाराच्या काळातल्या रिवाजांची ही यादी म्हणजे नुसती वाक्यं. ना नंबर, ना हेक्टर-आर, ना किल्ली. शेतात जायच्या पांधणीबद्दल तिथे जे लिहिलेलं असतं त्याला सातबाऱ्याच्या तक्त्याकडून एकही बाण जात नाही.

म्हणून कुणी उत्साही पोरानं गावचा अख्खा स्कीमा डीबीएमएलमध्ये उतरवला, पार्सर चालवला, एकही चूक निघाली नाही आणि त्यानं तो लॅपटॉप कौतुकानं घरच्या म्हाताऱ्यापुढे धरला, तर म्हाताऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. ‘आपली पांधण कोठी हाये याच्यात?’ पोरगं गटाच्या वस्तूला तिची सगळी नाती विचारतं. खातेदार येतो, फेरफार येतो, पीक येतं. पांधण येत नाही, कारण ती कुणी लिहिलेलीच नाही. शेजाऱ्यानं धुऱ्यावर काट्या टाकून ठेवलेल्या असतात आणि पेरणी तोंडावर आलेली असते. मग संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज जातो. सोबत दोघांचे सातबारे, आठ-अ आणि वहीच्या जोडपानावर पेनानं काढलेला कच्चा नकाशा, चौकोन आणि बाणांसकट.